चालत्या घराचा राखणदार

श्रावकाच्या आचारात यत्नाचाराला फार मोठे स्थान आहे. पाणी गाळून घेणे, धान्य निवडून घेणे, दिवसाउजेडी जेवणे, पाऊल टाकण्यापूर्वी जमीन पाहणे या सर्व क्रियांच्या मुळाशी एकच दृष्टी असते. आपल्या हातून, आपल्या नकळत, कोणत्याही जीवाला इजा होऊ नये. स्वतःच्या घरात ही दृष्टी सांभाळणे तुलनेने सोपे असते, कारण तेथील प्रत्येक भांडे आणि प्रत्येक कोपरा ओळखीचा असतो. कसोटी लागते ती प्रवासात. परक्या गावातले पाणी, परक्या चुलीवरचे अन्न आणि परक्या छपराखालची रात्र यांच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नसते. आणि जे ठाऊक नाही तेथेच प्रमादाला वाव मिळतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस शहराजवळ राहणाऱ्या एका मराठी जैन कुटुंबाने या अडचणीवर जो मार्ग काढला, तो तिकडच्या चालीला धरूनच होता. घरातील ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे अक्का. वय चौऱ्याहत्तर, माहेर आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठचे. रात्रीभोजनत्याग, कंदमुळे वर्ज्य, हॉटेलचे अन्न वर्ज्य. गाळलेले पाणी दोन घटकांच्या म्हणजे ४८ मिनिटांच्या आत वापरायचे, उकळलेले असेल तर त्याची मर्यादा २४ तासांची, हा हिशेब त्यांच्या मनात घड्याळासारखा चालतो. मुलाकडे कायमच्या राहायला आल्यावर त्यांनी कोणाकडेही तक्रार केली नाही, पण दूरचा प्रवास निघाला की त्या म्हणत, "तुम्ही जाऊन या. मी घरी स्वाध्याय करते." नातीला हे पटेना. आजीवाचून सहलीला जायचे नाही, असे तिने एका सुट्टीत निक्षून सांगितले. तेव्हा मुलाने आणि सुनेने मिळून एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. मोटारीमागे ओढायचे, चाकांवरचे हे लहानसे घर असते. त्यात गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, फ्रीज, वातानुकूलन यंत्र, झोपायला फळ्या आणि एका कोपऱ्यात जिनप्रतिमेचे चित्र ठेवण्यापुरती जागा होती. स्वयंपाकघरच बरोबर निघाल्यावर अक्कांची अडचण उरली नाही.

अन्नपाण्याचा प्रश्न सुटला आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. तो विजेचा होता.

अशा ट्रेलरांसाठी तिकडे जागोजागी कॅम्पग्राउंड असतात. प्रत्येक जागेवर कमरेएवढ्या उंचीचा विजेचा खोका उभा असतो. ट्रेलरची जाड केबल त्यात खोवली की घरात वीज येते. लहान ट्रेलरांना ३० अँपिअरची, १२० व्होल्टची, तीन पात्यांच्या प्लगची जोडणी लागते. तिची कमाल क्षमता ३६०० वॅट. मोठ्यांना ५० अँपिअरची, चार पात्यांची. तिच्यात १२० व्होल्टच्या दोन फेज असतात आणि त्या दोहोंमध्ये २४० व्होल्ट. खोके वर्षानुवर्षे ऊन, पाऊस आणि बर्फ सोसत उभे असतात. दररोज नवा प्रवासी येतो, प्लग खोवतो, उपटतो. आतल्या पट्ट्या सैल होतात, तारा गंजतात, आणि दुरुस्ती करणारा प्रत्येक हात जाणत्याचा असतोच असे नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात याची झळ लागली. एका तळ्याकाठी दुपारी साऱ्या ट्रेलरांची वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालू होती. दिवे किंचित मंदावले, यंत्राचा आवाज जड झाला आणि तासाभराने ते बंद पडले. पुढे कंप्रेसरच बदलावा लागला. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने कारण सांगितले ते असे: दाब कमी झाला की मोटर आपले काम ओढण्यासाठी जास्त प्रवाह खेचते, तिची वेटोळी तापतात आणि त्यांवरचे आवरण जळते. वीज जास्त आल्याने यंत्रे जळतात हे सर्वांना माहीत असते. कमी आल्यानेही जळतात हे फार थोड्यांना माहीत असते.

मुलगा संगणक क्षेत्रातला. त्याने ठरवले की आता सर्ज प्रोटेक्टर घ्यायचा. दुकानात पाहावे तो त्याच नावाखाली दोन निराळ्या जातींची यंत्रे दिसली. पहिली जात साधी आणि स्वस्त, शंभर डॉलरच्या आसपासची. तिच्यात धातूच्या ऑक्साइडच्या चकत्या असतात. नेहमीच्या दाबाला त्या प्रवाह अडवून धरतात; पण दूरवर वीज कोसळल्यामुळे किंवा तारांमधल्या एखाद्या झटक्यामुळे दाब क्षणभर उसळला, तर त्या वाट मोकळी करून ती उसळी स्वतःवर झेलतात. ही झेलण्याची शक्ती ज्यूलमध्ये मोजतात. प्रत्येक तडाख्याबरोबर चकती थोडी झिजते आणि एके दिवशी संपते. दाब तासन्तास कमी राहिला किंवा खोक्यातली जोडणीच चुकीची असली, तर ती काहीही करत नाही.

दुसरी जात अडीचशे-तीनशे डॉलरची. तिच्यात त्या चकत्या असतातच. शिवाय एक पहारेकरी असतो. वीज आत सोडण्यापूर्वी तो ती तपासतो. फेज आणि न्यूट्रल उलटसुलट आहेत का, अर्थिंग आहे का, दाब योग्य आहे का. दाब साधारण १०४ व्होल्टच्या खाली गेला किंवा १३२ च्या वर चढला, की आतला मोठा रिले उघडतो आणि पुरवठा तुटतो. दाब सुधारला तरी तो लगेच दार उघडत नाही. दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ थांबतो, म्हणजे कंप्रेसरमधला वायूचा दाब उतरतो आणि मोटरवर एकदम भार येत नाही.

किमतीतील फरक पाहून घरात चर्चा झाली. सून औषधशास्त्राची पदवीधर, घराचा जमाखर्च तिच्याकडे. ती म्हणाली, "कंप्रेसरचा खर्च आत्ताच झाला आहे. आधी साधे घेऊ, महागाचे पुढल्या वर्षी पाहू." मुलालाही ते पटत होते. अक्का बाजूला बसून मूग निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "ते स्वस्तातले यंत्र मेले, म्हणजे काय करते?"

मुलाने माहितीपत्रक पुन्हा वाचले. अशा कित्येक यंत्रांत चकत्या संपल्या की केवळ एक दिवा विझतो किंवा रंग बदलतो. वीज मात्र आत येतच राहते. त्याने तसे सांगितले.

"मग ते राखणदार नव्हे," अक्का म्हणाल्या. "तुझे आण्णा म्हणत, राखणदाराने मरताना दाराला कडी घालून मरावे."

आण्णा म्हणजे अक्कांचे दिवंगत यजमान. गावाकडे वीज खात्यात वायरमन होते. त्यांच्या घरामागे अर्थिंगचा खड्डा होता, कोळसा आणि मीठ घालून भरलेला. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की त्यात पाणी ओतायचे काम अक्कांकडे असे. त्यामुळे शाळा सातवीपर्यंतच झाली असली, तरी विजेचा संसार त्यांनी जवळून पाहिला होता. एकदा वळवाच्या पावसात फांदी पडून गल्लीतली न्यूट्रलची तार तुटली, तेव्हाचे दृश्य त्या अजून सांगतात. काही घरांतले बल्ब आधी डोळे दिपतील इतके उजळले आणि एकामागून एक फुटले. त्याच वेळी समोरच्या घरांतले दिवे मिणमिणू लागले. न्यूट्रल तुटली की फेजांमधला ४०० व्होल्टचा दाब घराघरांत वाटून जातो. ज्याच्याकडे भार कमी त्याच्या वाट्याला दाब जास्त येतो. अमेरिकेतल्या ५० अँपिअरच्या जोडणीतही न्यूट्रल तुटली तर नेमके हेच घडते, फक्त आकडा २४० चा असतो. ३० अँपिअरच्या जोडणीला निराळा धोका असतो. तिची तीन भोके पाहून एखादा इलेक्ट्रिशियन ती कपडे वाळवण्याच्या यंत्राची समजतो आणि १२० च्या जागी २४० व्होल्ट जोडून मोकळा होतो. तेथे चकत्या कितीही मोठ्या असल्या तरी त्या फार काळ टिकत नाहीत. पुरवठा तोडणारे यंत्रच उपयोगी पडते.

शेवटी दुसऱ्या जातीचे यंत्र घ्यायचे ठरले. त्यातही दोन प्रकार होते. एक खोक्यापाशी बाहेर लटकवायचे. ते लावायला सोपे, पण पावसात भिजते आणि चोरीला जाते. दुसरे ट्रेलरच्या आत कायमचे बसवायचे. मुलाने दुसरे निवडले, आणि एका शनिवारी सकाळी काम सुरू झाले.

बाहेरची केबल उपटून बाजूला ठेवली होती, बॅटरीची तारही सोडवली होती. तरीही मीटर लावून आत दाब नाही याची खात्री करून घेतली. केबल ट्रेलरच्या भिंतीतून आत येते आणि ब्रेकरच्या पेटीकडे जाते, त्या मधल्या वाटेवर, जेवणाच्या बाकाखालच्या कप्प्यात यंत्राची जागा ठरली. १० गेजची तांब्याची केबल कापली. तिचे पेटीकडचे टोक 'लोड' लिहिलेल्या बाजूला आणि बाहेरून येणारे टोक 'लाइन' लिहिलेल्या बाजूला जाणार होते. कातडे सोलल्यावर तीन तारा दिसल्या: काळी, पांढरी आणि उघडी तांब्याची.

अक्का चष्मा सावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "काळी न्यूट्रलला लाव."

मुलगा थांबला. त्याचे वडीलही काळीच न्यूट्रलला लावत असत. आपल्याकडे जुन्या पद्धतीत लाल, पिवळी, निळी या फेजच्या तारा आणि काळी न्यूट्रलची. अमेरिकेत मात्र काळी म्हणजे फेज, पांढरी म्हणजे न्यूट्रल आणि उघडी किंवा हिरवी म्हणजे अर्थिंग. त्याने हे समजावून सांगितले. अक्कांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे इकडे काळ्याला हात लावला तर माणूस जाईल," त्या म्हणाल्या, "आणि तिकडून आलेला जाणता वायरमनच आधी चुकेल. रंगावर विश्वास ठेवू नये, मीटरवर ठेवावा." देश बदलला की खुणांचा अर्थ बदलतो, हे त्यांना इतर अनेक बाबतींत ठाऊक होतेच.

तीनही तारा आपापल्या जागी बसवून, पत्रकात दिलेल्या जोरानेच स्क्रू आवळले. प्रत्येक तार ओढून पाहिली. न्यूट्रल आणि अर्थिंग ट्रेलरच्या पेटीत एकमेकांना जोडलेल्या नाहीत याचीही खात्री केली. त्या दोघी मुख्य पुरवठ्यापाशीच एकत्र यायच्या असतात, चाकांवरच्या घरात त्यांना वेगळेच ठेवायचे असते. आकडे दाखवणारा लहान पडदा दाराशेजारी लावला. केबल हलून ताण पडू नये म्हणून ती पट्ट्यांनी बांधली. दुसऱ्या दिवशी एका परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावून सारे काम तपासून घेतले. त्याने जाता जाता सांगितले की रस्त्याच्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात, म्हणून पहिल्या प्रवासानंतर ते पुन्हा आवळावेत. आणि एक साधा पेनासारखा टेस्टर जवळ ठेवावा, जो तारेला न टेकवताही जवळ वीज असल्यास वाजतो. सुनेने तो टेस्टर त्याच संध्याकाळी आणला.

जुलैमध्ये कुटुंब सिद्धाचलमच्या यात्रेला निघाले. आचार्य सुशीलकुमारजी यांनी १९८३ मध्ये न्यू जर्सीतील ब्लेअर्सटाउन येथे स्थापन केलेले हे तीर्थ त्यांच्या घरापासून सुमारे पाचशे मैलांवर. ट्रेलर ओढत एका दिवसात तेवढे अंतर कापायचे नाही असे ठरले होते, म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत एका कॅम्पग्राउंडवर मुक्काम केला. पोहोचले तेव्हा सात वाजून गेले होते. नुकताच पाऊस पडून गेला होता आणि हवेत विलक्षण उकाडा होता. तिकडे त्या दिवसांत सूर्य साडेआठनंतर मावळतो. म्हणजे अक्कांच्या जेवणाला दीड तास हाताशी होता.

मुलाने केबल खोवली, ब्रेकर चढवला आणि आत येऊन पडद्याकडे पाहिले. दाब ११८ व्होल्ट. पण रिले बंद होईना. पडद्यावर अर्थिंग नसल्याची खूण लुकलुकत होती.

त्याने प्लग काढून पुन्हा खोवला. तेच. दुसरी जागा मागायला सून कचेरीत जाऊन आली. सुट्टीचे दिवस, एकही जागा रिकामी नव्हती. इलेक्ट्रिशियन सकाळी येईल असे उत्तर मिळाले. नात घामाघूम होऊन आडवी झाली होती.

अशा यंत्रांना एक बायपास असतो. यंत्रच बिघडले तर प्रवासी अडकून पडू नये म्हणून ती सोय ठेवलेली असते. बाकाखालचा कप्पा उघडून मुलगा त्या बटणाकडे पाहत राहिला. "अक्का, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बरोबर आहेत," तो म्हणाला. "दाबही चांगला आहे. नाही ते फक्त अर्थिंग. बायपास केला तर एसी चालेल. एका रात्रीचा प्रश्न आहे."

त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. अर्थिंग नसतानाही यंत्रे चालतात, आणि बहुतेक वेळा काही होतही नाही. बहुतेक वेळा काही होत नाही, याच अनुभवावर प्रमाद पोसला जातो.

अक्का नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मी खाली उतरते तेव्हा माझा हात कुठे असतो?"

मुलाने दाराकडे पाहिले. स्वयंपाकाच्या जागेत पादत्राण चालत नाही, म्हणून अक्कांच्या चपला बाहेर पायरीखाली असत. उतरताना त्या दाराशेजारचा धातूचा कठडा धरत आणि अनवाणी पाय जमिनीवर टेकवत. जमीन या वेळी पावसाने चिंब होती. ट्रेलर रबरी चाकांवर उभा असतो. पाणी तापवणाऱ्या हीटरमधून किंवा एखाद्या जुन्या तारेतून थोडी जरी गळती झाली, तरी अर्थिंग शाबूत असेल तर ती तिच्यावाटे परत जाते, आणि गळती मोठी असेल तर ब्रेकर पडतो. अर्थिंग नसेल तर साऱ्या पत्र्यावर वीज उभी राहते आणि वाट पाहते. हात कठड्यावर, पाय ओल्या मातीत: ती वाट कोणाच्या देहातून जाणार, हे सांगण्याची गरज उरली नाही.

तरी त्याने पेन-टेस्टर काढून दाराच्या चौकटीजवळ नेला. तो वाजला.

क्षणभर कोणालाच उमगेना. यंत्राने तर वीज आत घेतलीच नव्हती. मग पत्र्यावर वीज आली कोठून? त्याचे उत्तर यंत्राच्या रचनेतच होते. रिले फेज आणि न्यूट्रल तोडतो. अर्थिंगची तार तो कधीच तोडत नाही, कारण एरवी तीच जीव वाचवणारी असते. तोच विजेचा खोका शेजारच्या ट्रेलरलाही वीज पुरवत होता. दोन्ही जोडण्यांची अर्थिंग आत एकाच पट्टीवर येत होती, आणि त्या पट्टीची जमिनीकडे जाणारी तार तुटलेली होती. शेजाऱ्याच्या ट्रेलरमधली गळती त्या पट्टीवर चढून या ट्रेलरच्या पत्र्यापर्यंत आली होती. जीवांनी परस्परांवर उपकार करावा, हे तत्त्व जैन मुलांना लहानपणीच शिकवले जाते. जेथे उपकाराची तार जोडलेली असते, त्याच तारेने अपायही एकमेकांकडे जातो, हे त्या ओल्या संध्याकाळी दिसले.

मुलाने सगळ्यांना जागचे हलू नका असे सांगितले. रबरी तळाचे कोरडे बूट घातले, कठड्याला स्पर्श न करता दोन्ही पायांनी एकदम खाली उडी मारली, रबरी हातमोजे घालून खोक्याला न टेकता ब्रेकर उतरवला आणि प्लग उपटला. आता टेस्टर गप्प झाला. तसाच तो शेजारी गेला. तेथे एक तरुण जोडपे होते आणि चार वर्षांचा मुलगा, अनवाणी, दारासमोरच्या डबक्यात उभा. त्याची आई म्हणाली की दाराची मूठ दुपारपासून हाताला झिणझिण्या आणते, पण तिला वाटले कोरड्या हवेतला साधा चटका असेल. टेस्टर त्यांच्या पत्र्यालाही वाजला. तिने मुलाला उचलून दूर नेले, नवऱ्याने त्यांचाही प्लग काढला.

परत येऊन मुलगा काही न बोलता पायरीवर बसला. पावणेआठ झाले होते. अक्कांनी तोवर गॅस पेटवला होता. शेगडीला वीज लागत नाही, फ्रीज गॅसवर चालतो, आणि बॅटरीवरचा लहान पंखा व एक दिवा रात्रीपुरता पुरेसा असतो. भाकरी, मुगाची आमटी आणि दोडक्याची भाजी झाली. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी सगळ्यांची ताटे पुसून झाली होती.

जेवणानंतर अंधारात अक्कांनी एक हकिकत सांगितली, जी मुलाने पूर्वी ऐकलेली नव्हती. न्यूट्रल तुटली त्याच्या पुढल्या वर्षी त्याच गल्लीत एक लग्न होते. आण्णांना संध्याकाळी खांबावरच्या सांध्यात ठिणगी दिसली. त्यांनी फ्यूज काढून खिशात ठेवले आणि उजाडेपर्यंत वीज देणार नाही असे सांगितले. मांडव अंधारात, पाहुणे संतापलेले. लोक घरावर येऊन वाटेल ते बोलले, एकाने अंगावर हातही टाकला. सकाळी खांबावर चढून पाहिले तेव्हा न्यूट्रलची तार एका धाग्यावर लोंबकळत होती. "अंधाराने कोणी मरत नाही, असे ते म्हणाले होते," अक्का म्हणाल्या. "पण लग्नघराने आमच्याशी वर्षभर बोलणे टाकले. त्यांनी त्याचे दुःख कधी दाखवले नाही. मला मात्र वाटत असे, एवढे कशाला ताणायचे. आज कळले."

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "तू त्यांना कधी सांगितलेस का, की त्यांचे बरोबर होते?"

"सांगायचे राहिले," अक्का म्हणाल्या.

सकाळी इलेक्ट्रिशियनने खोका उघडला. अर्थिंगची तार पट्टीपाशी गंजून सुटली होती. ती नवीन केल्यावर यंत्राने पडद्यावरची खूण पुसली, सव्वादोन मिनिटे वाट पाहिली आणि खट्कन दार उघडले.

तत्त्वचर्चेत संवराची कल्पना समजावताना नावेच्या छिद्राचा दृष्टान्त दिला जातो. नवे पाणी आत येऊ नये म्हणून छिद्र बुजवणे हा संवर. आधी शिरलेले पाणी उपसणे ही निर्जरा, आणि ते काम वेगळे. ट्रेलरमधल्या त्या डब्याची मर्यादाही अशीच आहे. तो दार लावतो. बाहेरची गंजलेली तार जोडत नाही, तुटलेल्या अर्थिंगवरून आलेली वीज अडवत नाही, आणि थेट कोसळणाऱ्या विजेपुढे तर त्याचे काहीच चालत नाही. म्हणून वादळाची चिन्हे दिसू लागताच, गडगडाट जवळ येण्यापूर्वीच, ब्रेकर उतरवून केबल उपटून ठेवणे हाच उपाय. वीज सचित्त मानावी की अचित्त, याविषयी जैन परंपरेत मतभेद आहेत. तिच्या वापरात यत्न राखावा, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही.

त्या प्रवासापासून या कुटुंबाची रीत ठरली आहे. केबल खोवण्यापूर्वी मुलगा मीटरची टोके खोक्याच्या भोकांत लावतो, फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग या क्रमाने. केबल खोवल्यावर कठड्याला हात लावण्याआधी टेस्टर पत्र्याजवळ नेतो. अक्का आत बसून ऐकत असतात. मीटरचे आकडे मोठ्याने वाचण्याचे काम नातीकडे आहे, आणि ते मराठीतच वाचायचे असा आजीचा आग्रह. तिला एकोणसाठ आणि एकोणसत्तर अजून नीट सांगता येत नाहीत. पण हे तीन आकडे ती कधी चुकत नाही: एकशे वीस, एकशे वीस, शून्य. शून्य ऐकू आले की अक्का चपला शोधू लागतात.